घरकुलाचे छप्पर आणि गुऱ्हाळाचे चुलवाण

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर महागणपतीचे रांजणगाव ओलांडले की मोठी औद्योगिक वसाहत लागते. शिरूर तालुक्यातील या वसाहतीत शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे तयार होतात. ती किती वीज खातात हे सांगणारे ताऱ्यांचे चिन्ह त्यांच्यावर चिकटवलेले असते. आणि तारे जितके अधिक तितकी वीज कमी, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक झाले आहे. ही यंत्रे जोडणारे अनेक कामगार पाळी संपवून परततात ते कारेगावच्या बाजूला पत्र्याच्या छपराखालील भाड्याच्या खोल्यांत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मे महिन्यात तेथे दिवसा झोपायचे असते. डोक्यावर एकेरी पत्रा, दुपारी हात लावता येणार नाही इतका तापलेला. खाली पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि तोच तापलेला वारा पुन्हा अंगावर फेकत असतो. शीतकपाटाला पाच तारे मिळू शकतात. ते बनविणाऱ्याच्या खोलीला मात्र एकही तारा देता येणार नाही.

ऊर्जाबचतीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा उपदेशाच्या स्वरूपाचे असते. खोलीबाहेर पडताना दिवा मालवा, पंखा बंद करा, विजेचा अपव्यय टाळा, अशी वचने शाळांच्या भिंतींवर रंगविलेली असतात. ती चूक नाहीत. परंतु महिन्याच्या बिलातील प्रत्येक युनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबाला हा उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. त्या घरात दिवा उगाच जळत नाही. तेथे ऊर्जा वाया जाते ती वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाने नव्हे, तर घर बांधतानाच, मोटार विकत घेतानाच किंवा भट्टी रचतानाच झालेल्या चुकांमुळे. त्या चुकीचा दंड मात्र पुढची वीस-तीस वर्षे दरमहा भरला जातो. म्हणून प्रश्न बटणाचा नाही; छपराचा, मोटारीचा आणि चुलवाणाचा आहे.

दिव्याने काय शिकविले?

सरकारी पातळीवर या विषयात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संसदेने ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ साली केला. त्याखाली २००२ मध्ये केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये ताऱ्यांची योजना सुरू झाली. २०१० पासून काही उपकरणांना आणि २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही हे चिन्ह सक्तीचे झाले. सर्वांत ठळक यश मिळाले ते एलईडी दिव्यांच्या बाबतीत. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने दिवे प्रचंड संख्येने एकगठ्ठा खरेदी केले. त्यामुळे जो दिवा पूर्वी तिला तीनशे रुपयांच्या वर पडत असे, तो दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आसपास आला. देशभर असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले, आणि त्यासाठी कोणालाही अंधारात बसावे लागले नाही.

या अनुभवातून घेण्यासारखा धडा असा की, गरीब माणूस चांगली वस्तू नाकारतो तो अडाणीपणामुळे नव्हे, तर तिची पहिली किंमत त्याच्या आवाक्याबाहेर असते म्हणून. ती किंमत कोणीतरी खाली आणली, की तो दुसऱ्या दिवशी ती वस्तू घेतो. परंतु दिवा हातात मावतो, सगळीकडे सारखाच असतो आणि दोन मिनिटांत बदलता येतो. छप्पर तसे नाही, गुऱ्हाळाची भट्टीही तशी नाही. त्यामुळे जे सोपे होते ते झाले आणि जे अवघड होते ते तसेच राहिले.

पाचशे चौरस मीटरच्या अलीकडे

शिरूर-दौंडच्या जुन्या गावांतून अजूनही काही धाब्याची घरे उभी आहेत. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर किलचांचा थर आणि त्यावर फूटभर पांढरी माती, अशी त्यांची रचना असे. पावसाळ्यापूर्वी धाबे दुरुस्त करावे लागे, ते गळे, भिंतींना पोपडे धरत, उंदीर-घुशींचा त्रास होई. त्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांत राहिलेल्या माणसाने पक्के घर मागितले ते योग्यच केले. परंतु त्या घरात भर दुपारी शिरल्यावर जो गारवा लागे, तो काही जादूने येत नव्हता. मातीचा तो थर उष्णतेला आत येण्यासाठी इतका वेळ लावी की, ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई.

त्या जागी आता चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आला. तोही दिवसभर ऊन पितो, पण त्याच्यावर ना मातीचा थर असतो ना कसले आवरण. आणि सूर्य मावळल्यावर तो साठविलेली उष्णता खाली सोडू लागतो. म्हणूनच मध्यरात्रीपर्यंत घरात झोप लागत नाही आणि माणसे अंथरूण घेऊन गच्चीवर जातात. या गोष्टीचे मोजमाप करता येते. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना छपराच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, त्यावरून छपराची योग्यता ठरते. उघड्या स्लॅबच्या बाबतीत हा आकडा तीनच्या वर असतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’त निवासी इमारतींच्या छपरासाठी तो १.२ पेक्षा अधिक असू नये, असे म्हटले आहे.

नियम चांगला आहे. परंतु ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरलेले आहे. म्हणजे ज्याच्याजवळ वातानुकूलन यंत्र घेण्याची ऐपत आहे, त्याच्या छपराची काळजी संहितेने घेतली. आणि ज्याच्याजवळ एका पंख्यापलीकडे काही नाही, त्याचे छप्पर तिच्या कक्षेबाहेर राहिले. लहान घरांवर आणखी नियमांचे ओझे नको, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. पण घरकुल सरकारच्याच पैशातून बांधले जाते. पाया, जोते, छप्पर अशा टप्प्यांवर त्याची छायाचित्रे घेतली जातात आणि त्यानंतरच पुढचा हप्ता मिळतो. छप्पर पडले हे पाहणाऱ्या डोळ्यांना, त्या छपरावर उन्हापासून संरक्षण आहे की नाही, हे पाहणे अवघड का वाटावे?

यासाठी फार मोठा खर्च लागतो असेही नाही. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग परत फेकला जातो. अशा पांढऱ्या छपराखाली भर उन्हाळ्यात खोलीचे तापमान दोन-चार अंशांनी उतरते, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. पंचवीस चौरस मीटरच्या घराला लागणारा चुना काही शे रुपयांचा. मात्र तो दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा लावावा लागतो. ज्याला कायमचा उपाय हवा, त्याने विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. गळतीही थांबते आणि उष्णताही. पत्रा असेल तर त्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा तत्सम छत घालून मध्ये हवेला वाट ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा काढावा, समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. यात नवे असे काहीच नाही. गवंड्याला ते सांगितले जात नाही आणि अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना नसतो, एवढेच. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. महाराष्ट्राने त्याहून मागे राहण्याचे कारण दिसत नाही.

गरिबाचे विजेचे बिल ते केवढे, आणि त्यात वाचणार ते काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे पहिले उत्तर हिशेबाचे आहे. जुना पंखा पाऊणशे वॅटचा असतो. तो दिवसाला बारा तास फिरला तर जवळजवळ एक युनिट खातो. नव्या पद्धतीच्या मोटारीचा पंखा तेच काम तीस वॅटमध्ये करतो. वर्षातील आठ महिने धरले तरी एका पंख्यामागे सव्वाशे युनिटांहून अधिक वीज वाचते. आणि शंभर युनिटांच्या पुढे विजेचा दर एकदम चढत असल्यामुळे वाचलेले युनिट हे बहुधा महागातले युनिट असते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ज्या घरात आज एकच पंखा आहे, तेथे उद्या कूलर येणार आणि परवा वातानुकूलन यंत्रही येणार. त्यांनी ते आणू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तापलेल्या पत्र्याखाली ते यंत्र चालविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेने छपरावर वीज तयार होऊ लागली आहे, याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि जे छप्पर वरून वीज देते आणि खालून उष्णता सोडून तीच वीज खर्चायला लावते, त्याचा जमाखर्च जुळणार कसा?

भाड्याच्या खोल्यांचा गुंता याहून वेगळा आहे. खोली बांधतो एक आणि विजेचे पैसे भरतो दुसरा. मालकाला छपरावर खर्च करून काही मिळत नाही आणि भाडेकरू वर्षा-दोन वर्षांत निघून जाणार असतो. येथे उपदेशाने काही साधणार नाही. ग्रामपंचायतीने घरपट्टीत थोडी सवलत दिली आणि कारखान्यांनी आपल्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून वसाहतीभोवतालच्या खोल्यांची छपरे पांढरी करून दिली, तरच हा गुंता काही अंशी सुटेल. ज्या कामगाराची झोप झाली नाही, त्याच्या हाताला यंत्रावर अपघात होतो, हे कारखान्यांना वेगळे सांगावयास नको.

चिपाडाचा हिशेब

शिरूरहून भीमा ओलांडून दक्षिणेस दौंड तालुक्यात उतरले की प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. केडगाव, राहू, पारगाव या बागायती पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी उसाच्या फडांतून वर आलेली दिसतात. ज्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्याकडे वेळेवर जात नाही किंवा ज्याला रोकड पैसा हवा असतो, त्याला गुऱ्हाळाचा मोठाच आधार आहे. साखर कारखान्याच्या तुलनेने हा धंदा लहान. परंतु त्यावर पोटे भरणाऱ्यांची संख्या लहान नाही. आणि या धंद्याचे सारे अर्थशास्त्र जळणावर उभे आहे.

रस काढून उरलेले चिपाड वाळवायचे आणि तेच चुलवाणात घालून काहिलीतला रस आटवायचा, अशी ही स्वयंपूर्ण रीत. आता थोडा ढोबळ हिशेब करू. शंभर किलो उसापासून साठ किलो रस आणि चाळीस किलो ओले चिपाड निघाले, असे धरू. ओल्या चिपाडात निम्मे पाणी असते. वाळल्यावर त्याचे बावीस-तेवीस किलो जळण उरते. गूळ पडतो दहा-अकरा किलो. म्हणजे किलोभर गुळामागे गुऱ्हाळवाल्याच्या हाती जेमतेम २.१ किलो जळण येते. मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी चार काहिलींच्या एका पारंपरिक भट्टीची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भट्टीत किलोभर गुळाला २.३९ किलो चिपाड जळत होते. आणि जळणातील एकूण उष्णतेपैकी गूळ तयार होण्यास वस्तुतः लागणारी उष्णता केवळ २९ टक्के होती. उरलेल्यापैकी बरीचशी धुराड्यातून आणि भट्टीच्या भिंतींतून निघून जात होती.

ते नुकसान का होते? चुलवाणात चिपाडाचा मोठा भारा एकदम लोटला की तेवढ्यापुरती हवा अपुरी पडते. काळा धूर निघतो, म्हणजेच अर्धवट जळलेले इंधन आकाशात जाते. मग भारा जळून खाली बसला की हवा गरजेपेक्षा अधिक शिरते आणि भट्टीतील उष्णता घेऊन निघून जाते. संशोधकांनी धुरातील प्राणवायूचे प्रमाण मोजून, जळण किती आणि किती वेळाने घालायचे याची शिस्त ठरवून दिली. एवढ्याने जळणाचे प्रमाण २.३९ किलोंवरून १.७३ किलोंवर आले. आपल्या ढोबळ हिशेबाशी हे आकडे जुळवून पाहावेत. दिवसाला हजार किलो गूळ काढणाऱ्या गुऱ्हाळात पहिल्या रीतीने सुमारे अडीचशे किलो जळण कमी पडते. दुसऱ्या रीतीने चारशेच्या आसपास किलो शिल्लक राहते. तूट आणि शिल्लक यांमधील हे अंतर जाळ घालणाऱ्या गड्याच्या हाताच्या शिस्तीने भरून निघते.

ही तूट कशी भरली जाते, हा या भागातील दुखरा प्रश्न आहे. काही जण लाकूड विकत घेतात. परंतु काही ठिकाणी प्लॅस्टिकचा कचरा, रबर, टाकाऊ पादत्राणे चुलवाणात जातात, अशा तक्रारी दौंड तालुक्यातून वारंवार आल्या आहेत; वर्तमानपत्रांतून त्या छापूनही आल्या आहेत. सगळीच गुऱ्हाळे असे करतात, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण जेथे हे घडते, तेथे त्या धुराचा त्रास शेजारच्या वस्तीला आणि शाळेतल्या मुलांना होतो, आणि सर्वांत अधिक त्रास भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मजुराला. अशा गुऱ्हाळांवर कारवाई झालीच पाहिजे. परंतु नुसत्या कारवाईने जळणाची तूट भरून निघत नाही. पावसाळ्यात चिपाड वाळत नाही, तेव्हा ती आणखी वाढते. चिपाड साठविण्यासाठी छपराची सोय, भट्टीच्या भिंतींना उष्णतारोधक विटा, धुराड्याकडे जाणाऱ्या उष्णतेवर रस आधीच तापविण्याची व्यवस्था आणि जाळ घालणाऱ्याला प्रशिक्षण, या चार गोष्टी केल्या तर बाहेरचे जळण आणण्याचे कारणच उरणार नाही. शिवाय शिल्लक चिपाडाला बाजारात किंमत आहे. येथे ऊर्जाबचत हा खर्च नसून उत्पन्न आहे.

पिठाच्या गिरणीचे उदाहरणही असेच बोलके आहे. दहा अश्वशक्तीची मोटार जळली की मालक ती पुन्हा भरून घेतो. नवी घेण्यास पैसे नसतात आणि गिरणी एक दिवसही बंद ठेवता येत नाही. मात्र वारंवार, आणि तेही घाईने, भरलेल्या मोटारीची कार्यक्षमता उतरते. ती ९० टक्क्यांवरून ८२ वर आली असे धरले, तर पूर्ण भारावर दिवसाला पाच तास चालणारी गिरणी वर्षाकाठी बाराशे युनिटांच्या आसपास वीज फुकट घालवते. सैल पट्टा आणि वेळेवर टाकी न दिलेला दगड यांचे नुकसान याहून निराळे. मालकाला हे कोणी मोजून दाखविलेले नसते. त्याला दिसते ते फक्त वाढलेले बिल.

हे काम कोणी करावयाचे?

मोठ्या वीजग्राहक उद्योगांना कायद्याने ऊर्जा व्यवस्थापक नेमावे लागतात आणि ऊर्जेचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. त्यांच्याकडे अभियंते असतात, बँका त्यांच्या दारी येतात. गुऱ्हाळाला आणि गिरणीला यातले काहीच नाही. राज्यात या कामासाठी ‘महाऊर्जा’ ही संस्था आहे आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. तिने तालुक्याच्या ठिकाणी फिरते तपासणी पथक ठेवावे, मोजमाप करून द्यावे. आणि जिल्हा बँकेने व पतसंस्थांनी नव्या मोटारीसाठी किंवा भट्टीच्या सुधारणेसाठी असे कर्ज द्यावे, की ज्याचा हप्ता वाचलेल्या पैशातून फेडता येईल.

तथापि केवळ सरकारी योजनेवर विसंबून चालत नाही, हाही अनुभव आपल्या पदरी आहे. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. गावोगाव चुली बसविल्या गेल्या, संख्येची उद्दिष्टे पुरी झाली. पण धुराडे तुंबले तर ते साफ कोणी करायचे, चूल फुटली तर दुरुस्त कोणी करायची, याचा विचार पुरेसा झाला नाही. बऱ्याच चुली मोडून पडल्या आणि २००२ मध्ये तो कार्यक्रमच बंद झाला. वस्तू वाटणे सोपे असते. ती गावात चालती ठेवणारा हात तयार करणे अवघड असते.

असा हात तयार करण्याचे काम शिरूर तालुक्यातच झाले आहे, हे आपण विसरतो. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करीत शिकावे आणि त्या कामाचा गावाला उपयोग व्हावा, हे त्यांचे सूत्र होते. त्यांनी शाळांसाठी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेती, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य यांबरोबर ऊर्जा व पर्यावरण हाही एक विभाग आहे. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

त्यांचे सूत्र या प्रश्नाला जसेच्या तसे लागू पडते. दोन्ही तालुक्यांतील माध्यमिक शाळांनी आणि महाविद्यालयांनी एक साधा उपक्रम हाती घ्यावा. नववीच्या मुलांनी एप्रिल महिन्यात, परीक्षा संपल्यावर, आपल्या गावातील दहा घरांत दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता तापमान मोजावे. त्यांपैकी पाच छपरांना चुना द्यावा आणि पुन्हा मोजावे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एका गुऱ्हाळात आठवडाभर जळण आणि गूळ यांचे वजन करावे. त्यासाठी लागतात दोन तापमापके, एक काटा आणि एक वही. गावच्या मुलांनी गावच्या घरांत मोजलेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखविला गेला, तर तो कोणत्याही सरकारी पत्रकापेक्षा अधिक ऐकला जाईल. आपल्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत. पंचायत समितीत आणि तहसील कचेरीत घरकुलांच्या फायली पुढे सरकविणारे कर्मचारीही आहेत. घरकुलाच्या अंदाजपत्रकात छपराच्या संरक्षणाचा एक रकाना वाढवावा, हा प्रस्ताव वर पाठविणे त्यांच्या हाती आहे.

ऊर्जाबचतीचा विषय आपण फार काळ काटकसरीचा विषय मानत आलो. ज्याच्याजवळ मुळातच थोडे आहे त्याला आणखी थोडक्यात भागवायला सांगणे, ही काही बचत नव्हे. त्याच विजेत त्याला शांत झोप मिळावी आणि त्याच चिपाडात त्याचा गूळ स्वच्छ धुरानिशी तयार व्हावा, ही खरी बचत आहे. पुढचा उन्हाळा फार दूर नाही. निदान यंदा पूर्ण होणाऱ्या घरकुलांच्या छपरांना तोपर्यंत चुन्याचे दोन हात मिळाले, तरी सुरुवात झाली, असे म्हणता येईल.